लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना काय जुळावं लागतं

घणसोलीहून एका गृहस्थांनी विचारलंय: २०१६ मधला १५.६ इंची लॅपटॉप, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आत १ टीबीची हार्ड डिस्क. ते घरून अकाउंट्सची कामं करतात, टॅलीचा आणि जीएसटीचा सगळा डेटा त्यातच आहे. गेले काही आठवडे लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागतात, फाइल उघडताना अडकतो आणि मधूनच टिक-टिक आवाज येतो. एका दुकानात सांगितलं, ‘या मॉडेलची डिस्क आता येत नाही, नवीन लॅपटॉपच घ्या.’ दुसऱ्या दुकानात म्हणाले, ‘कुठलीही टाका, सगळ्या सारख्याच.’ ऑनलाइन २ टीबीची डिस्क स्वस्तात दिसते आहे. घरात एक पोर्टेबल डिस्क आहे, ती उघडून आतली लॅपटॉपला लावली तर चालेल का, असंही त्यांना हवंय.

मी ठाण्यात नौपाड्याला बरीच वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन्ही दुकानदारांचं म्हणणं मला पटत नाही. तुमच्या लॅपटॉपला चालणारी डिस्क बाजारात सहज मिळते, पण कुठलीही चालते असं नाही. काय जुळवायचं हे एकदा कळलं की तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. मॉडेल नंबर तुम्ही दिलेला नाही, त्यामुळे काही ठिकाणी मला ‘बहुतेक’ म्हणावं लागेल, ते समजून घ्या.

पण डिस्क कुठली घ्यायची हे नंतर. तुमचा मजकूर वाचताना मला पहिली काळजी वाटली ती त्या टिक-टिक आवाजाची. हार्ड डिस्कमध्ये काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्या फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. तसाच आवाज ठरावीक अंतराने येत राहिला, तर हेडला नीट वाचता येत नाहीये आणि ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय, असं बहुतेक वेळा निघतं. अशी डिस्क अजून सहा महिने चालेल की उद्या सकाळी बंद पडेल, हे कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा आज त्या लॅपटॉपवर रोजचं काम करू नका. जी पोर्टेबल डिस्क उघडायचा विचार करताय, ती तशीच यूएसबीला लावा आणि डेटा उतरवून घ्या. आधी टॅलीचं डेटा फोल्डर, मग अशिलांची रिटर्न्स, चलनं, एक्सेल फाइली. या सगळ्या आकाराने लहान असतात, थोड्या वेळात होतात. फोटो आणि व्हिडिओ शेवटी. अख्खी सी ड्राइव्ह उचलून कॉपी करायला गेलात तर मधल्या एखाद्या खराब फाइलवर कॉपी तासभर अडकेल आणि महत्त्वाचं मागेच राहील.

या अवस्थेत चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करू नका, पूर्ण व्हायरस स्कॅनही नको. ही कामं डिस्कला टोकापासून टोकापर्यंत फिरवतात. चेकडिस्क तर दुरुस्तीच्या नावाखाली मरणाऱ्या डिस्कवर लिहायलाही लागतं. मशीन स्लो झालं की लोक नेमकं हेच करतात, आणि माझ्याकडे येईपर्यंत अर्धी फोल्डरं गेलेली असतात. डिस्क बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम) दिसेनाशी झाली आणि डेटा हवाच असेल, तर लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्यांकडे न्या. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही लोक देतात. तो ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. झाकण उघडून बघणं तर त्याहून वाईट, धुळीचा एक कण हेडच्या त्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

डेटा उतरल्यावर दोष डिस्कमध्येच आहे याची खात्री करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवतो. त्यात चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्याने दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने लटकून राहिलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ आणि सी६ शून्याच्या वर असतील तर डिस्क बदलायचीच. चौथी ओळ सी७, आणि ती लोक सोडून देतात. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजते. बाकी तिन्ही स्वच्छ आणि सी७ मात्र वाढत चाललेला दिसला, तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क थेट बोर्डात न घुसता एका पातळ रिबन केबलने जोडलेली असते. ती केबल दुमडते, तिचं टोक सैल होतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत कनेक्टरवर थर धरलेलाही मी पाहिला आहे. माझ्याकडे असे लॅपटॉप आले आहेत ज्यांची डिस्क दुसरीकडे आधीच बदलून झाली होती आणि तक्रार तशीच होती. केबल बदलली आणि प्रश्न संपला. तुमच्या बाबतीत आवाज येतोय म्हणजे डिस्कच असणार, तरी सी७ बघून ठेवा, म्हणजे उघडताना केबलही तपासायची की नाही ते कळेल.

आता मूळ प्रश्न. ‘या मॉडेलची डिस्क’ ही कल्पनाच चुकीची आहे. लॅपटॉप कंपन्या हार्ड डिस्क बनवत नाहीत. आज जगात फिरत्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. लॅपटॉपवाले त्यांच्याकडून माल घेतात आणि त्यावर आपला पार्ट नंबर चिकटवतात. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क निघणं अगदी नेहमीचं आहे. त्या दुकानदाराने बहुधा तो पार्ट नंबर शोधला असेल, आणि तो बंद झालाच असणार. तुम्हाला तो लागतच नाही.

मॉडेलचं म्हणून जे खरोखर वेगळं असतं ते डिस्कभोवतीचं सामान: पत्र्याची कॅडी (डिस्क धरून ठेवणारी चौकट), बाजूची रबरं, रिबन केबल आणि स्क्रू. हे सगळं जुन्या डिस्कबरोबर निघतं आणि नव्या डिस्कला तसंच लागतं. म्हणून दुकानात डिस्क बदलून घेणार असाल तर समोर उभं राहून कॅडी आणि रबरं परत बसली की नाही ते बघा. ती नसतील तर डिस्क आत हलते, कनेक्टरवर ताण येतो आणि काही महिन्यांनी लॅपटॉप अधूनमधून ‘डिस्क सापडत नाही’ म्हणू लागतो.

जुळवायच्या गोष्टींत पहिली जोडणी. २०१६ चा लॅपटॉप आणि आत १ टीबीची फिरती डिस्क, म्हणजे सॅटा ही चपट्या कनेक्टरची जोडणी. फार जुन्या लॅपटॉपमध्ये पिनांच्या दोन रांगांची आयडीई डिस्क असायची, तो प्रश्न तुम्हाला नाही. सॅटाच्या तीन पिढ्या आहेत, सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिटच्या. नवी डिस्क जुन्या पोर्टवर चालते, फक्त पोर्टच्या वेगाने. त्यामुळे ‘सॅटा थ्री’ लिहिलेली डिस्क बिनधास्त घ्या. कॅशे (डिस्कमधली छोटी तात्पुरती मेमरी) किती एमबी, यावर वेळ घालवू नका.

दुसरी गोष्ट जाडी, आणि फसगत इथेच होते. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची म्हणून विकली जाते. तिची रुंदी साधारण ७० मिमी आणि लांबी १०० मिमी, ही ठरलेली आहे. जाडी मात्र ७, ९.५, १२.५ किंवा १५ मिमी असू शकते. आधीच्या लॅपटॉपमध्ये ९.५ मिमीची जागा असायची, नंतरच्या बारीक लॅपटॉपमध्ये ७ मिमीची आली. तुमचा लॅपटॉप नेमका त्या बदलाच्या काळातला आहे, त्यामुळे अंदाज न करता जुनी डिस्क काढून पट्टीने मोजा. ७ मिमीची डिस्क ९.५ मिमीच्या जागेत चालते, फार तर वर प्लॅस्टिकची अडीच मिमीची चौकट चिकटवावी लागते. उलटं होत नाही. जोर लावून खालचं झाकण लावलं तर कीबोर्ड वर फुगतो किंवा डिस्कच्या पत्र्यावर दाब येतो, आणि दाब आलेली डिस्क लवकर जाते.

यावरून तुमच्या दोन शंकांचं उत्तर मिळतं. ऑनलाइन दिसणारी २ टीबीची डिस्क ७ मिमीची असेल तर बसेल. २ टीबी ७ मिमीमध्ये मिळते, ९.५ मिमीमध्येही यायची. वर्णनात जाडी लिहिलेली नसेल तर डिस्कचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. ३ टीबीपासून पुढच्या अडीच इंची हार्ड डिस्क १५ मिमी जाड असतात आणि त्या कुठल्याही साध्या लॅपटॉपमध्ये जात नाहीत, हे लक्षात असू द्या. पोर्टेबल डिस्कचं तर विचारूच नका. एक म्हणजे ती १५ मिमीची निघू शकते. दुसरं म्हणजे काही पोर्टेबल डिस्कमध्ये आत सॅटा कनेक्टर नसतोच, यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावर जोडलेलं असतं. कव्हर फोडल्यावर हातात येते ती लॅपटॉपला न लागणारी डिस्क. तुमच्या कामाला तर ती बॅकअप म्हणून बाहेरच हवी आहे.

इथपर्यंत सगळं फिरत्या डिस्कबद्दल झालं. जागा अडीच इंची, जोडणी सॅटा, जाडी मोजून. एवढं जुळलं की डिस्क चालणार. पण माझं खरं मत वेगळं आहे, आणि ते आग्रहाने सांगतो: त्या जागेत पुन्हा फिरती डिस्क घालू नका. त्याच मापाची सॅटा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क, घाला.

कारण आकड्यांतच बघा. लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. एक छोटा तुकडा वाचायला सोळा-सतरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला साठेक तुकडे होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून मागतं. एपीएमसीच्या गाळ्यात हमाल एकच आणि पोती शंभर कोपऱ्यांत ठेवलेली, असा तो प्रकार होतो. सॅटा एसएसडीमध्ये हलणारं काहीच नसल्याने ती सेकंदाला असे हजारो तुकडे देते. सलग वाचण्याचा वेगही हार्ड डिस्कचा सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी आणि सॅटा एसएसडीचा साडेपाचशेच्या आसपास, पण रोजच्या कामात जाणवतो तो पहिला फरक. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क घेतली तरी अर्धा फेरा चार मिलिसेकंदांवर येतो, एवढीच सुधारणा.

शिवाय आज मिळणाऱ्या १ आणि २ टीबीच्या बऱ्याच अडीच इंची हार्ड डिस्कमध्ये एसएमआर पद्धत वापरलेली असते. जास्त डेटा मावावा म्हणून ट्रॅक (तबकडीवरचे पट्टे) एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. त्यामुळे मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. फोटो साठवून ठेवायला अशी डिस्क ठीक. ज्या डिस्कवर विंडोज आहे, टॅली आहे, दिवसभर छोटं छोटं लिहिणं चालू आहे, तिथे ती मधूनच दम टाकते. म्हणजे नवी डिस्क घालूनही तुमची ‘अडकतो’ ही तक्रार पूर्ण जाणार नाही. माझ्या कामात विंडोजसाठी फिरती डिस्क बसवणं मी केव्हाच थांबवलं आहे. गिऱ्हाइकाने खूप साठा हवा म्हणून हट्ट केला, तर विंडोज एसएसडीवर आणि मोठी डिस्क बाहेर, असं सुचवतो. आणि ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत चालू लॅपटॉप बॅगेत टाकून चढणाऱ्यांना तर एसएसडीशिवाय पर्यायच सांगत नाही. फिरत्या डिस्कला बंद असताना जेवढा धक्का सोसतो, त्याच्या निम्म्याहून कमी चालू असताना सोसतो.

सॅटा एसएसडी त्याच अडीच इंची मापात, ७ मिमी जाडीत आणि त्याच कनेक्टरसह येते. तुमच्या कॅडीत ती जुन्या डिस्कच्याच स्क्रूंनी बसेल. सुसंगततेचा प्रश्न इथे सगळ्यांत कमी असतो, आणि तुमच्यासाठी माझी पहिली शिफारस हीच.

कुणी तुम्हाला एम डॉट टू एसएसडी (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारी छोटी पट्टी) सुचवेल, तिथे मात्र थांबून विचारा. २०१६ च्या काही लॅपटॉपमध्ये तो स्लॉट असतो, काहींत नसतो. काहींत बोर्डावर जागा आखलेली असते पण कनेक्टर लावलेला नसतो. असला तरी तो तीन प्रकारचा असू शकतो: फक्त सॅटा, फक्त एनव्हीएमई (सॅटापेक्षा वेगवान जोडणी), किंवा दोन्ही. बाहेरून पट्टी सारखीच दिसते, म्हणूनच गोंधळ होतो. पट्टीला दोन खाचा असतील तर ती बहुतेक सॅटा आणि एक खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई, पण दोन खाचांच्या एनव्हीएमईही आहेत, त्यामुळे खाचेवर विसंबू नका. लांबीही बघावी लागते: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, २२४२ म्हणजे ४२ मिमी लांब. वायफाय कार्डाचा छोटा स्लॉट बघून ‘इथे एसएसडी बसेल’ म्हणणारेही भेटतात. तो स्लॉट वेगळा असतो. शिवाय त्या काळातल्या काही बायोसना एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. या सगळ्याचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं, लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. एचपी, डेल आणि लेनोवो ही मॅन्युअल आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवतात. तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून शोधा आणि ‘स्टोरेज’ हा भाग वाचा. तिथे एनव्हीएमई स्पष्ट लिहिलं असेल तर जरूर घ्या. नसेल तर अडीच इंची सॅटा. टॅली आणि एक्सेलच्या कामात दोन्हींमधला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. अ‍ॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये आणि काही स्वस्त बारीक लॅपटॉपमध्ये साठवण थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते, तिथे वरचं काहीच लागू होत नाही. खोलण्याआधी तेवढं बघून घ्या.

क्षमता किती घ्यायची, हे तुमच्या वापरावर आहे. १ टीबीपैकी सध्या किती भरलंय ते बघा. दोनशे-तीनशे जीबी असेल तर ५०० जीबीची एसएसडी पुरेशी. अकाउंट्सच्या कामाला डेटा फार लागत नाही, जागा खातात ते फोटो आणि डाउनलोड. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, म्हणून पाचवा हिस्सा मोकळा राहील असा हिशेब धरा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. ती फसवणूक नव्हे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

एसएसडी लिहून लिहून संपते, ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. कंपनी टीबीडब्ल्यू नावाचा आकडा देते, म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहायला चालेल. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला तो ३०० आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी तो गाठायला एक्केचाळीस वर्षं लागतील, आणि तुमचं काम २० जीबीच्या जवळही जाणार नाही. तेव्हा हा आकडा पुरेसा आहे एवढं बघून पुढे जा. वॉरंटी जास्त महत्त्वाची. नावाजलेल्या कंपन्यांच्या एसएसडीवर तीन किंवा पाच वर्षांची असते, आणि पाचवाली थोडी महाग असली तरी मी तीच घ्यायला सांगतो. दोघांच्या किमतीत जो फरक असतो, त्याहून जास्त पैसे दुसऱ्यांदा बसवून घेण्यात जातात. चिपचा प्रकार टीएलसी असेल तर उत्तम. क्यूएलसी स्वस्त असते आणि मोठी कॉपी करताना मधेच फार मंदावते.

कुठून घ्यायची? लॅमिंग्टन रोडला जा, ठाण्यात किंवा वाशीत घ्या किंवा ऑनलाइन मागवा, माझी हरकत कशालाच नाही. हरकत आहे ती बिलाशिवाय घेण्याला. बिलावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन तोच नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा. नव्या लॅपटॉपमधून काढलेल्या एसएसडी ‘नवीनच आहे’ म्हणून विकल्या जातात. त्या वाईट नसतात, पण कंपनीची वॉरंटी सहसा तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे भावात तेवढा फरक पडायला हवा. जुनी हार्ड डिस्क ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळाली तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किती तास चालली ते बघतात, पण ते आकडेही शून्यावर आणता येतात, म्हणून व्यवसायाच्या डेटासाठी जुनी डिस्क घेऊच नका. अनोळखी नावाची, अविश्वसनीय भावातली २ टीबी एसएसडी दिसली तर ती टाळा. काहींत आत अगदी कमी क्षमतेची चिप असते आणि विंडोजला खोटा आकडा सांगितलेला असतो. भरत जाल तसा आधीचा डेटा पुसला जातो. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम डिस्क पूर्ण लिहून परत वाचून खरी क्षमता सांगतो. रिकामी असतानाच चालवायचा.

दुकानात जाताना लॅपटॉप न नेता जुनी डिस्क कॅडीसकट न्या, किंवा निदान तिच्या लेबलचा आणि कडेने जाडीचा फोटो. लेबलवर सॅटा, क्षमता, व्होल्टेज सगळं असतं. समोरच्याला एक नजर पुरते.

आता या लॅपटॉपवर पैसे घालावेत का, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर मागतं, तुमचा सहाव्या पिढीचा आहे. तुम्ही लोकांचे पॅन, बँक खाती, जीएसटी लॉगिन हाताळता, त्यामुळे सुरक्षा अपडेट बंद झालेल्या मशीनवर ते काम फार काळ चालू ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. तरीही एसएसडी घ्यायला मी सांगतो, कारण ती वाया जात नाही. पुढे नवीन लॅपटॉप घेतलात तर हीच सॅटा एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून वेगवान बॅकअप डिस्क म्हणून वापरता येते. पैशाची तंगी नसेल आणि बॅटरी, बिजागरंही गेली असतील, तर मात्र थेट नव्या मशीनकडे वळा. बाकी लॅपटॉप धडधाकट असेल, तर एसएसडीवर तो घरातल्या कुणाच्या अभ्यासाला चांगला चालेल.

विंडोज नव्या डिस्कवर नेताना क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत) करायचा मोह होतो. चांगल्या डिस्कचा क्लोन करायला हरकत नाही, क्लोनझिला मोफत आहे आणि एसएसडी कंपन्याही स्वतःचं साधन देतात. तुमची डिस्क टिकटिकतेय, तेव्हा क्लोन नको. सगळी डिस्क वाचायच्या प्रयत्नात ती मधेच बसेल, आणि झालाच क्लोन तर खराब फाइलीही तशाच उतरतील. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज १० असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, डिस्क बदलली तरी इंटरनेट लावल्यावर तीच आवृत्ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. टॅलीचं लायसन्स मात्र लॅपटॉप जुन्या डिस्कवर सुरू आहे तोवर सरेंडर करून (टॅलीमधूनच परत करून) ठेवा, नाहीतर नंतर धावपळ होते. डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच लिहून घ्या. ज्यांचा लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा पुढचा आहे, त्यांना विंडोज टाकताना नवी एसएसडी दिसतच नाही असा अनुभव येतो. डिस्क चांगलीच असते. कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तो इन्स्टॉल करताना द्यायचा, की दिसते.

स्वतः बसवणार असाल तर चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सगळ्यांत आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा, मगच डिस्कला हात लावा. रिबन केबल ओढू नका. तिला बहुतेक वेळा बारीक काळी पट्टी असते, ती नखाने वर केली की केबल सुटते. स्क्रू कुठून कुठला निघाला ते कागदावर मांडून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला तर तो बोर्डापर्यंत पोहोचतो. बसल्यावर बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का बघा, सॅटा मोड एएचसीआय ठेवा आणि मग विंडोज टाका. विंडोज सुरू झाल्यावर पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून सी७ शून्य आहे ना ते आठवडाभराने तपासा. वाढत असेल तर केबल.

जुन्या डिस्कचं एक राहिलं. नव्या डिस्कवर टॅलीची कंपनी उघडून, दोन-तीन अशिलांची शिल्लक जुन्या प्रिंटशी ताडून बघेपर्यंत ती जपून ठेवा. त्यानंतरही केसिंगमध्ये घालून वापरायला घेऊ नका. तिच्यावर लोकांचे आर्थिक कागद आहेत आणि खराब सेक्टर असलेली डिस्क फॉरमॅट करून पूर्ण पुसली जाईल याचा भरवसा नसतो. टॉवेलमध्ये गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, झाकणातून आरपार दोन-तीन भोकं पाडा. अडीच इंची डिस्कची तबकडी बहुतेक काचेची असते, ती आत फुटल्याचा आवाज येतो. मग ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, भंगारवाल्याकडे नको.